घरातला मामला : पॉल रोबसनच्या पासपोर्टचं प्रकरण

१९५० च्या ऑगस्टमध्ये काळा अमेरिकी गायक आणि नट पॉल रोबसन वकिलांना बरोबर घेऊन वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्यात गेला. त्याचा पासपोर्ट नुकताच रद्द झाला होता आणि तो का, एवढंच त्याला विचारायचं होतं. अधिकाऱ्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा होता : अमेरिकेत काळ्या लोकांना कसं वागवतात याबद्दल तुम्ही परदेशात जाऊन टीका करता, ते चालणार नाही. तो घरातला मामला आहे.

घरातलं भांडण चव्हाट्यावर नेऊ नये, ही शिकवण आपल्याकडच्या प्रत्येक सुनेनं ऐकलेली असते, आणि ती कोणाच्या सोयीची आहे हेही तिला ठाऊक असतं. इथे ती एका महासत्तेनं एका नटाला ऐकवली आणि पुढची आठ वर्षं अमलात आणली.

रोबसन म्हटलं की आपल्याला गाणं आठवतं. भूपेन हजारिका न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्याच्या संपर्कात आले, रोबसनच्या ‘ओल् मॅन रिव्हर’ या गाण्यावरून त्यांना ‘बिस्तीर्ण पारोरे’ सुचलं, आणि त्याचं हिंदी रूप ‘गंगा बहती हो क्यूँ’ आपल्या कानांवरून कितीदा तरी गेलेलं आहे. त्यामुळे पासपोर्टची हकीकतही गायकाची म्हणूनच सांगितली जाते. पासपोर्ट काढून घेतला, तरी आवाज समुद्रापार पोचला, अखेर न्यायालयानं दार उघडलं. हे सगळं घडलं, खोटं काही नाही. पण रोबसन नटही होता, आणि त्या नटाचं काय झालं ते पाहायला गेलं की हकीकत इतकी गोड राहत नाही.

वकील होता होता

वडील विल्यम ड्रू रोबसन नॉर्थ कॅरोलिनात गुलाम म्हणून जन्मले, पंधराव्या वर्षी पळाले, शिकले आणि पाद्री झाले. पॉल सर्वांत धाकटा, जन्म ९ एप्रिल १८९८, न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनचा. तो सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा आई घरात भाजून गेली. रटगर्स कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिकला, १९१७ आणि १९१८ अशी दोन वर्षं देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉल खेळाडूंच्या यादीत आला, १९१९ ला वर्गाच्या वतीने निरोपाचं भाषण करण्याचा मान त्यालाच मिळाला. कोलंबियातून कायद्याची पदवी घेऊन तो एका कचेरीत लागला. तिथल्या गोऱ्या लघुलेखिकेनं त्याच्याकडून मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला. त्यानं नोकरी सोडली. त्याच्या आत बसलेला नट त्याच्याआधी ओळखला तो बायकोनं, एस्लांडानं.

१९२४ मध्ये युजीन ओनीलचं ‘ऑल गॉड्स चिलन गॉट विंग्ज’ न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यसंस्थेनं केलं. काळा नवरा, गोरी बायको, आणि ती रंगमंचावर त्याच्या हाताचं चुंबन घेणार. प्रयोगाआधीच वर्तमानपत्रांत वादळ उठलं, धमकीची पत्रं आली. महापौरांच्या कचेरीनं नाटकावर बंदी घातली नाही. पहिल्या प्रवेशात काळी-गोरी मुलं एकत्र खेळताना दाखवायची होती, त्या बालनटांना काम करण्याचा परवाना तेवढा नाकारला. पडदा उघडल्यावर दिग्दर्शकानं तो प्रवेश प्रेक्षकांना वाचून दाखवला आणि पुढचं नाटक झालं.

हा किस्सा गमतीचा म्हणून सांगतात. मला तो सव्वीस वर्षांनंतरच्या प्रकरणाची रंगीत तालीम वाटतो. बंदी घातली की कारण द्यावं लागतं आणि कोर्टात उभं राहावं लागतं. परवाना नाकारायला एक कारकून पुरतो.

सिनेमाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण या प्रकरणात त्याला फारशी जागा नाही. १९३५ च्या ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’मध्ये आफ्रिकेचं दर्शन सन्मानानं होईल या भरवशावर त्यानं काम केलं. तयार चित्रपट पाहिला तेव्हा तो ब्रिटिश राज्याची आरती निघाला. १९४० चा ‘द प्राउड व्हॅली’ वेल्समधल्या कोळसा-कामगारांचा, आणि तोच त्याला आपला वाटायचा. १९४२ च्या ‘टेल्स ऑफ मॅनहॅटन’नंतर, काळ्या माणसाला असंच दाखवणार असाल तर मला नको, म्हणून त्यानं हॉलिवूड सोडलं. पडद्यावरचा रोबसन स्वतःच्या निर्णयानं थांबला. रंगभूमीवरच्या रोबसनला असा निर्णय घेण्याची संधी मिळाली नाही.

ऑथेल्लो

शेक्सपिअरचा ऑथेल्लो, गोऱ्या डेस्डिमोनाशी लग्न केलेला काळा सेनापती, आपल्याकडे झुंझारराव होऊन आला. देवलांनी १८९० मध्ये केलेलं ते रूपांतर गणपतराव जोशींसारख्या नटानं गाजवलं. मराठी प्रेक्षकाला त्यातून मत्सराचं नाटक दिसलं. अमेरिकेत मात्र हे नाटक आधी रंगाचं, मग मत्सराचं. काळ्या अमेरिकी नटानं ऑथेल्लो करायचा तर त्यानं देश सोडायचा, ही वहिवाट आयरा ऑल्ड्रिजनं एकोणिसाव्या शतकात घालून दिली होती. रोबसननेही ऑथेल्लो पहिल्यांदा केला तो लंडनला, १९३० मध्ये, सॅव्हॉय थिएटरात. डेस्डिमोना होती पेगी ॲशक्रॉफ्ट. पहिले दोन आठवडे ती जवळ आली की आपण मागे सरकत होतो, मळ्यावरचा मजूर मालकाच्या दिवाणखान्यात उभा राहावा तसे, असं त्यानं नंतर सांगितलं. स्वतःच्या अभिनयाबद्दल इतकं स्वच्छ बोललेला नट विरळा.

ते अवघडलेपण जायला तेरा वर्षं लागली. दिग्दर्शिका मार्गारेट वेब्स्टर हे नाटक करायला निघाली, तर न्यूयॉर्कचे निर्माते सुरुवातीला त्याला हात लावेनात. मग १९४२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या केंब्रिजच्या ब्रॅटल थिएटरात आणि प्रिन्स्टनला प्रयोग करून पाहिले. प्रिन्स्टन म्हणजे त्याचं जन्मगाव, जिथल्या विद्यापीठाचे दरवाजे त्याच्या भावासाठी बंद होते. ते प्रयोग चालले तेव्हा कुठे १९ ऑक्टोबर १९४३ ला ब्रॉडवेवर पडदा उघडला. रोबसन ऑथेल्लो, होसे फेरर त्याचे कान भरणारा इयागो, युटा हागेन डेस्डिमोना. २९६ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर शेक्सपिअरच्या कुठल्याही नाटकाचे सलग इतके प्रयोग त्याआधी झाले नव्हते आणि नंतरही झालेले नाहीत. पुढे दौरा निघाला. जिथे काळ्या-गोऱ्या प्रेक्षकांना वेगवेगळं बसवतात त्या थिएटरात प्रयोग करायचा नाही, ही रोबसनची अट होती आणि ती पाळली गेली.

त्यावेळी तो पंचेचाळीस वर्षांचा होता. आवाज, देह, नाव, अनुभव, सगळं एकाच वेळी हाताशी असण्याचं शोकांतिकेच्या नटाचं ते वय. पुढची पंधरा वर्षं त्याची असायला हवी होती.

आरोप नाही, खटला नाही

एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत तो बोलला. आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या दडपणाऱ्यांच्या वतीने काळे अमेरिकन सोव्हिएत संघाविरुद्ध लढतील हे अशक्य आहे, असं तो म्हणाल्याची तार वृत्तसंस्थेनं पाठवली. त्याचे नेमके शब्द वेगळे आणि बरेच मवाळ होते, पण तोवर देशभर मथळे छापून झाले होते. ठरलेले ऐंशीहून अधिक कार्यक्रम रद्द झाले. काळा बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन याला प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे बोलावून रोबसनविरुद्ध साक्ष घेतली गेली. ऑगस्टच्या शेवटी न्यूयॉर्कजवळ पीकस्किलला त्याचा जलसा जमावानं उधळला. ४ सप्टेंबरला तो पुन्हा गेला, हजारो लोकांसमोर गायला, आणि परतणाऱ्या बसगाड्यांवर दगडांचा पाऊस पडून शंभराहून अधिक माणसं जखमी झाली.

मार्च १९५० मध्ये एलेनॉर रूझवेल्टच्या टीव्ही कार्यक्रमात तो येणार असं जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी एनबीसी वाहिनीनं ते मागे घेतलं. त्यानंतर उन्हाळ्यात पासपोर्ट गेला. अधिकारी तो ताब्यात घ्यायला आले तेव्हा त्यानं वकिलांच्या सल्ल्यानं द्यायला नकार दिला. मग परराष्ट्र खात्यानं पासपोर्ट अवैध ठरवला आणि याला देशाबाहेर जाऊ देऊ नये असं सीमेवरच्या अधिकाऱ्यांना कळवून टाकलं.

त्याच्यावर एकाही गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला नाही. तो तुरुंगात गेला नाही. त्याच्या गाण्यावर किंवा नाटकावर बंदीचा हुकूम कुणी काढला नाही. सभागृहाच्या मालकाला वाटलं की आपलं नुकसान होईल, रेकॉर्ड कंपनीला वाटलं, निर्मात्याला वाटलं. भीतीचं काम प्रत्येकानं आपापल्या परीनं केलं आणि त्याची बेरीज एका हुकमापेक्षा पक्की झाली. १९१८ च्या ज्या फुटबॉल यादीत तो होता तिच्यातूनसुद्धा त्याचं नाव गाळलं गेलं. तीस वर्षांपूर्वी मारलेली मुसंडीदेखील राजकीय ठरू शकते, हे मला या प्रकरणातलं सर्वांत विनोदी कलम वाटतं. वर्षाला लाखाच्या आसपास डॉलर मिळवणारा माणूस काही हजारांवर आला.

यातली एकच गोष्ट झाली असती तर रोबसन तरला असता. सॅम वॉनामेकर हा अमेरिकी नट, डाव्या विचारांच्या कलावंतांना काम न देण्याच्या काळ्या यादीच्या धास्तीनं, इंग्लंडमध्ये राहिला आणि तिथे त्यानं नट-दिग्दर्शक म्हणून उभं आयुष्य काढलं. दिग्दर्शक जोसेफ लोझी आणि ज्यूल्स डासिन यांनीही युरोप गाठला आणि आपलं उत्तम काम तिथे केलं. घरी दार बंद झालं तर बाहेर पडायचं, हा मार्ग त्यांना होता. रोबसनला तर लंडन अमेरिकेपेक्षा जवळचं होतं, तो तिथे दहा-बारा वर्षं राहिलेला. त्याच्या बाबतीत काळी यादी आणि पासपोर्ट या दोन फळ्या एकमेकींत बसवल्या गेल्या.

आवाज निसटला

गायकाला मात्र फटी सापडत गेल्या. कॅनडात जायला अमेरिकी नागरिकाला पासपोर्ट लागत नसे, तरी जानेवारी १९५२ मध्ये त्याला ब्लेनच्या सीमेवर अडवलं. व्हँकुव्हरला खाण-कामगार संघटनेचं अधिवेशन होतं. तो सिएटलला परतला आणि तिथून टेलिफोनवरून अधिवेशनात गायला. संघटनेनं तिथल्या तिथे बेत केला आणि १८ मे १९५२ ला ब्लेनच्या ‘पीस आर्च’ कमानीजवळ, अमेरिकेच्या हद्दीत एक ट्रक उभा करून त्यावर रोबसनला चढवलं. श्रोते सीमेच्या दोन्ही बाजूंना, बहुतेक कॅनडाच्या. गर्दीचे आकडे ज्याचे त्याचे वेगळे, पण हजारांनी लोक होते यात वाद नाही. पुढची तीन वर्षं हा जलसा दर उन्हाळ्यात झाला.

रेकॉर्ड कंपन्या दारात उभ्या करीनात तेव्हा त्यानं आपली कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘ऑथेल्लो’. काळ्यांच्या चर्चमध्ये तो गातच होता, त्याचा भाऊ बेन हार्लेममधल्या चर्चचा पाद्री होता. १९५६ मध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली टेलिफोन केबल सुरू झाली आणि २६ मे १९५७ ला रोबसन न्यूयॉर्कमधून लंडनच्या सेंट पँक्रास टाउन हॉलमधल्या श्रोत्यांसाठी गायला. ऑक्टोबरमध्ये त्याच वाटेनं त्याचा आवाज वेल्समधल्या पोर्थकॉलला पोचला. तिथे सुमारे पाच हजार खाण-कामगार आणि त्यांचे कुटुंबीय जमले होते, आणि त्यांनी उलट आपलं गाणं केबलवरून त्याला ऐकवलं.

ही सगळी प्रकरणं वाचताना छाती भरून येते. पण केबलवरून ऑथेल्लो करता येत नाही. नटाला समोर इयागो लागतो, महिनाभराच्या तालमी लागतात, प्रेक्षकाच्या श्वासाचा अंदाज लागतो. इंग्लंडमधून बोलावणी येत होती. स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर मेमोरियल थिएटरनं १९५८ च्या ‘पेरिक्लिस’मध्ये गॉवरची भूमिका त्याला देऊ केली होती. पासपोर्टचा पत्ता नव्हता, ती एड्रिक कॉनरनं केली. बावन्न ते साठ या वयात रोबसन एकाही नाटकात उभा राहिला नाही. आठ वर्षांत त्यानं काय केलं असतं याचे तर्क करण्यात अर्थ नाही, पण किंग लिअर हातात न घेताच असा नट म्हातारा झाला याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

कोर्टात

त्यानं दावा लावला. १९५२ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की मूळ पासपोर्टची मुदतच आता संपली आहे, तेव्हा निवाडा करण्यासारखं काही उरलेलं नाही. याच दाव्यात सरकारनं लेखी म्हटलं होतं की हा अर्जदार वर्षानुवर्षं आफ्रिकेतल्या वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी राजकारणात अत्यंत सक्रिय आहे, आणि तेवढ्यासाठी पासपोर्ट नाकारला तरी तो अधिकाराचा गैरवापर होणार नाही. कम्युनिझमचा बागुलबुवा बाजूला ठेवून सरकार खरं बोललं ते एवढंच. भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश, इंडोनेशिया स्वतंत्र झालेले होते, आफ्रिका रांगेत होती, आणि अमेरिकेला या नव्या देशांसमोर आपला चेहरा स्वच्छ दाखवायचा होता.

पुढे परराष्ट्र खात्यानं अट घातली : आपण कम्युनिस्ट नाही असं प्रतिज्ञापत्र द्या. माझं मत विचारण्याचा तुम्हाला अधिकार नाही, म्हणून त्यानं सही नाकारली. १९५६ मध्ये न्यायालयानं तेच कारण पुढे केलं : खात्याची प्रक्रिया अर्जदारानं पुरी केलेली नाही. जून १९५६ मध्ये चौकशी समितीपुढे त्याला विचारलं गेलं की रशिया इतका आवडतो तर तिथेच का राहत नाही. त्यावर तो म्हणाला, माझे वडील गुलाम होते, माझी माणसं हा देश उभारताना मेली, म्हणून मी इथेच राहणार आणि तुमच्याइतकाच यातला वाटा घेणार.

इथे त्याची दुसरी बाजूही मांडायला हवी. १९४९ मध्ये मॉस्कोत तो ज्यू कवी इत्झिक फेफेर याला भेटला. फेफेर तेव्हा तुरुंगातच होता, भेटीपुरता बाहेर आणलेला. रोबसननं तिथल्या जलशात वॉर्सा घेट्टोच्या उठावाचं यिडिश गीत गायलं, ती त्या सभागृहात मोठी हिंमत होती. पण अमेरिकेत परतल्यावर सोव्हिएत संघातल्या ज्यूविरोधाच्या बातम्यांना त्यानं दुजोरा दिला नाही. फेफेरला १९५२ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. स्टालिनबद्दल तो जाहीरपणे वाईट बोलला नाही. त्याच वर्षी, म्हणजे १९४९ लाच, अमेरिकेला आलेल्या नेहरूंना भेटायला त्यानं नकार दिला, कारण भारतात कम्युनिस्ट तुरुंगात होते. लंडनपासूनची जुनी मैत्री, पण तत्त्वाला धरून बसला. दिल्लीच्या तुरुंगांचा हिशेब मागणाऱ्यानं मॉस्कोच्या तुरुंगांचा मागितला नाही, हा दोष त्याच्या पदरात घालावाच लागतो. फक्त पासपोर्ट गेला तो या दोषापायी नव्हे.

नेहरूंनी तो नकार मनात धरला नाही. १९५८ मध्ये रोबसन साठ वर्षांचा झाला, तेव्हा भारतात त्याचा वाढदिवस साजरा करायची समिती झाली आणि तिचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला. अमेरिकी मुत्सद्द्यांनी हा समारंभ थांबावा म्हणून प्रयत्न केले. नेहरूंनी उलट शुभेच्छासंदेश दिला : हा आपल्या पिढीतला थोर कलावंत तर आहेच, शिवाय मानवी प्रतिष्ठेसाठी त्यानं सोसलेलं आहे. छगला त्याच वर्षी भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले, हा नियतीचा मिश्कीलपणा.

सुटका झाली ती त्याच्या स्वतःच्या खटल्यातून नव्हे. चित्रकार रॉकवेल केंट यालाही पासपोर्ट नाकारला होता. १६ जून १९५८ ला सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या दाव्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला : प्रवास करणं हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, आणि माणसाची मतं पाहून पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार संसदेनं परराष्ट्रमंत्र्याला दिलेला नाही. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर रोबसन आणखी किती वर्षं अडकला असता कोण जाणे. काही दिवसांत पासपोर्ट हाती आला, जुलैमध्ये तो लंडनला पोचला.

साठीनंतरचा ऑथेल्लो

७ एप्रिल १९५९ ला स्ट्रॅटफर्डला त्यानं पुन्हा ऑथेल्लो केला. दोन दिवसांनी तो एकसष्ट वर्षांचा होणार होता. त्याआधी थोडेच महिने तो मॉस्कोत आजारानं रुग्णालयात होता. दिग्दर्शक टोनी रिचर्डसन तरुण, प्रयोग गजबजाटाचा, आणि इयागो होता सॅम वॉनामेकर, तोच जो वेळेवर बाहेर पडू शकला होता. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, समीक्षकांत मतभेद झाले. आवाजाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती बाकीच्यांशी सूर न जुळण्याची. रंगमंचापासून इतकी वर्षं लांब राहिलेल्या नटाला सहकलाकारांची लय पकडायला वेळ लागणारच, आणि वेळच तर काढून घेतलेला होता. प्रयोग नोव्हेंबरपर्यंत चालले. ती त्याची रंगभूमीवरची शेवटची भूमिका.

१९६१ मध्ये मॉस्कोत त्यानं मनगटं कापून घेतली. त्यानंतर लंडनला विजेचे झटके, मग १९६३ च्या अखेरीस अमेरिका. १९६५ मध्ये एस्लांडा गेली. शेवटची वर्षं फिलाडेल्फियात बहिणीकडे काढून २३ जानेवारी १९७६ ला तो गेला.

१९४३ च्या ऑथेल्लोचा चित्रपट कुणी काढला नाही. कोलंबिया कंपनीनं १९४४ मध्ये ते नाटक ध्वनिमुद्रित केलं, तेवढं उपलब्ध आहे. ऐकायचं झाल्यास तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश ऐकावा. फेरर पुढे पुढे करत बोलत राहतो आणि रोबसन एकेका शब्दावर आवाज खाली खाली नेत जातो. त्यावेळी त्याचे हात काय करत होते, हे मात्र रेकॉर्डवरून कळत नाही.